अकरा भुतांची शाखा

कुरामुल्ला
१२ मे २०२४

प्रिय ग्लेनिस,

पाकिटावर मुद्दाम टाइप केलेला पत्ता चिकटवलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर हे पत्र सरळ कचऱ्यात गेलं असतं, आणि त्यात तुझी काही चूकही नसती. तुझा पत्ता मला कोणी दिला नाही. तू बेव्हला नाताळचं कार्ड पाठवतेस, ते पाकिटासकट तिच्या फ्रिजवर वर्षभर असतं. ती चहा करायला वळली तेव्हा मी पाकिटावरून उतरवून घेतला. सवय जात नाही. पेंग्विन नावाच्या गावात माणसं राहतात हे मला आधी खरंच वाटेना.

आज मातृदिन, म्हणून आईकडे जाऊन आलो. पांढरी शेवंती ठेवली. थडग्याच्या दगडावर शेवाळ धरलंय, तारेच्या ब्रशने घासलं. ती गेल्यापासून हे काम माझ्याकडेच आहे. उपकार म्हणून लिहीत नाहीये, आपलं सांगतोय.

पत्राचं कारण असं. 'कुंपणापलीकडे' सुरू करून यंदा वीस वर्षं झाली. नगरपालिकेच्या एका पार्किंगवरून सुरू केलेला ब्लॉग इतका टिकेल असं मला तरी कुठे वाटलं होतं? एक मंत्री त्याच्यामुळे घरी बसला, दोन महापौर गेले, वकिलांच्या सात नोटिसा आल्या, आणि गावच्या शेतकी प्रदर्शनात भर गर्दीत एका बाईने माझ्या डोक्यावर गरम कस्टर्ड ओतलं. निम्मे लोक मला न्यायाधीश समजतात आणि निम्मे गटार. दोघांपैकी कोणीही वाचायचं सोडत नाही.

आता सिडनीच्या एका विद्यापीठाला तो सगळा जपून ठेवायचाय. कायमचा. मी मेल्यावरही कोणीही उघडून वाचू शकेल. जुलैत जेवण आहे, माझा सत्कार आहे. त्याआधी एक फॉर्म भरून द्यायचाय. त्या सगळ्यात तुझ्यावरचा लेखही येतो, ऑगस्ट २०१०चा. त्याच्याखाली एक छोटीशी टीप घालावी असं मनात आहे, की या प्रकरणाला दुसरी बाजूही होती, वगैरे. तुझी हरकत नसेल तर मजकूर पाठवतो.

तुझा भाऊ,
वॉरिक

कुरामुल्ला
९ जून २०२४

प्रिय ग्लेनिस,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एका बाजूला पेंग्विनचा सिमेंटचा पुतळा आणि दुसऱ्या बाजूला तीन शब्द, 'तुझं तू ठरव.' चौदा वर्षांनी तीन शब्द म्हणजे मला जरा जास्तच मिळाले.

ठरवायचंच तर तुझ्यापुढेच हिशेब मांडतो. माझ्या हातात काय होतं? पक्षाच्या शाखेच्या हजेरीवहीचा एक फोटो. क्लाइव्ह बॅनिंगने दिला होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. उमेदवारी त्यालाही हवी होती आणि तुलाही. आणि नियम तुला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे, तूच चिटणीस होतीस. वर्षात तीन सभांना हजर राहून वहीत सही केली असेल त्यालाच उमेदवार निवडायला मत देता येतं. त्या पानावर अकरा सह्या एका अक्षरात, एका पेनाने. अक्षर तुझं. कुठल्याही शहाण्या माणसाने काय समजावं? खोटे सभासद भरून शाखा फुगवायची ही युक्ती या देशात सगळे पक्ष करतात, आणि सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

'अकरा भुतांची शाखा' हा मथळा मला अंघोळ करताना सुचला होता. मथळा चांगला होता, हे तूही मान्य करशील. त्या अकरांतला म्हातारा पर्सी तर खूश झाला होता म्हणे. जकरांडा लॉज वृद्धाश्रमात त्याने नर्सला सांगितलं, "मी मेलोय असं छापून आलंय. मेलेल्या माणसाला पथ्य कसलं? पुडिंग दोनदा वाढ."

पण एक अडचण झालीय. विद्यापीठाच्या फॉर्ममध्ये एक ओळ आहे, 'हा सर्व मजकूर लिहिताना माझ्या माहितीप्रमाणे खरा होता.' त्याखाली सही करायची. वीस वर्षांच्या तीन हजार लेखांवर मी डोळे मिटून सही करीन. एकावर हात अडतोय. का अडतोय ते मात्र मला सांगता येत नाही. फोटोवरून मला कळणार तरी कसं होतं?

इथे थंडी फार आहे. सकाळी गवत पांढरं होतं.

वॉरिक

कुरामुल्ला
२१ जुलै २०२४

प्रिय ग्लेनिस,

गेल्या पत्रात मी खोटं लिहिलं. आज खरं लिहितो, आणि मध्ये थांबलो तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहितो.

काल सिडनीला ते जेवण झालं. दीडशे माणसं, पांढरे टेबलक्लॉथ. माझी ओळख करून देणाऱ्या बाई फार हुशार. त्या म्हणाल्या, "नात्यागोत्यासाठी सत्य दाबणारे पत्रकार पुष्कळ पाहिलेत. या माणसाने सत्यासाठी सख्खी बहीणही सोडली नाही." आणि त्यांनी तो लेख वाचून दाखवला. 'भुतांची शाखा' म्हटल्यावर लोक हसले आणि शेवटी उभे राहून टाळ्या वाजवल्या. माझ्यापुढे गोड पावलोव्हाची बशी होती. मी ती सगळी खाल्ली, ग्लेनिस. एकेका घासाला मला तुझा चेहरा दिसत होता आणि तरी मी खात राहिलो. मग उठून आभार मानले.

फॉर्मवर सही करून आलो.

आता ऐक. लेखाच्या तीन आठवडे आधी, एका गुरुवारी दुपारी, मी आईचे धुतलेले कपडे घेऊन जकरांडा लॉजला गेलो होतो. खोलीत आई नव्हती. जेवणघरातून आवाज येत होता म्हणून तिकडे गेलो. तू टेबलाच्या टोकाला बसली होतीस. समोर आई, पर्सी, त्या रेल्वेतल्या दोघी बहिणी, सगळे मिळून अकरा. लॅमिंग्टन केकचं ताट मधोमध. तू आदल्या मंगळवारच्या सभेचा वृत्तांत मोठ्याने वाचत होतीस, कारण निम्म्यांना ऐकू येत नव्हतं. प्रत्येक ठरावाला पर्सी झोपेतून जागा होऊन "अनुमोदन!" म्हणत होता. आई त्याला म्हणाली, "अरे, ठराव अजून मांडायचाय." मग वही फिरली. हात सगळ्यांचेच थरथरत होते, म्हणून एकेकाकडे बघून तू विचारायचीस, "मी करू का सही?" आणि ते मान डोलवायचे. आईने तर वही तुझ्याकडे सरकवून म्हटलं, "कर गं, माझ्या सहीपेक्षा कोंबडीचं पाऊल बरं दिसेल."

चाळीस-चाळीस वर्षांचे सभासद होते ते. स्कूल ऑफ आर्ट्स या गावच्या सभागृहाच्या पायऱ्या चढणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून तू सभा त्यांच्यापाशी नेलीस. नियमाने बघितलं तर चूकच, कारण सभेची जागा हॉल ठरलेली होती. पण खोटं त्यात काही नव्हतं.

मी दारातूनच वळलो. मला कोणी पाहिलं नाही. कपड्यांची पिशवी खोलीत ठेवून घरी गेलो. नंतर क्लाइव्हने फोटो दिला तेव्हा त्या अकरा सह्या कुठे झाल्या ते मला पहिल्या क्षणी कळलं. तरी छापलं. स्वतःला सांगितलं की नियम म्हणजे नियम, मी फक्त वहीत काय आहे ते दाखवतोय. लेखात एवढंच लिहिलं की 'हे अकरा जण सभेच्या हॉलमध्ये वर्षभरात कोणाला दिसलेले नाहीत, श्वास घेत असतील तर आनंद आहे.' एकही वाक्य खोटं नव्हतं. त्याची मला तेव्हा ऐट वाटली होती.

का केलं ते विचारशील. सिडनीचे पेपर उचलतील म्हणून, हे एक. दुसरं असं की आई आल्यागेल्याला सांगायची, "माझी मुलगी कामं करते आणि मुलगा त्याबद्दल बोलतो." लोक हसायचे. मीही हसायचो. पण ते मला लागायचं, पन्नाशी उलटली तरी लागायचं. तू आमदार झाली असतीस तर ते वाक्य जन्मभर ऐकावं लागलं असतं.

तुझी उमेदवारी गेली, पक्षातून काढलं, तू शिकवायचीस त्या शाळेत पालक कुजबुजायला लागले. हे सगळं मी घरबसल्या पाहिलं आणि त्यावर आणखी दोन लेख लिहिले.

उद्या विद्यापीठाला सही मागे घेतल्याचं कळवतो आणि ब्लॉगवर सगळं लिहितो. या वेळी तुझी परवानगी मागत नाही.

वॉरिक

कुरामुल्ला
११ ऑगस्ट २०२४

प्रिय ग्लेनिस,

लिहिलं. तू वाचलं असशील किंवा नसशील. गेल्या पत्रात तुला लिहिलं तेच सगळं, काहीही न वगळता. मथळा साधा ठेवला, 'मी माझ्या बहिणीबद्दल खोटं छापलं.' विद्यापीठाने दोन ओळींचं थंड पत्र पाठवून सगळा करार रद्द केला, ते ठीकच झालं.

पण पुढचं मला अजिबात सुचलं नव्हतं. कोणी विश्वासच ठेवत नाही गं.

चारशेवर प्रतिक्रिया आल्या. वीस वर्षं रोज वाचणारी माझी माणसं. एक म्हणतो, 'वॉरिकसाहेब, किती दबाव आला ते आम्हाला कळतंय, हिंमत सोडू नका.' दुसरा म्हणतो, 'बहिणीने वकील लावला वाटतं.' एकाने तर माझंच जुनं वाक्य मला ऐकवलंय, मीच २००७ साली लिहिलेलं, की 'कोणी खुलासा केला की समजावं, मूळ बातमी खरी होती.' मी उलट उत्तर दिलं की बाबांनो, कोणी दबाव आणला नाही, मी खोटं बोललो. त्यावर लगेच, 'बिचाऱ्याला असंही लिहायला लावलंय.'

माझ्याच हाताने शिकवलेली पोरं माझ्याच छाताडावर बसली, दुसरं काय! त्यांच्या डोक्यात तू अजून भुतं नाचवणारी बाईच आहेस, उलट आता भावाचा गळा दाबणारीही झालीस. चांगलं करायला गेलो आणि तुझ्या नावाला आणखी चिखल लावून बसलो. खरंच सांगतो, आठ दिवस घराबाहेर पडलो नाही.

म्हणून ब्लॉग बंद केला. काल. पण तेवढ्याने तुझं नाव धुऊन निघत नाही, आणि निदान या गावात तरी ते निघायला हवं. काहीतरी डोक्यात घोळतंय.

वॉरिक

कुरामुल्ला
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय ग्लेनिस,

काल नगरपालिकेची निवडणूक होती. आपल्या देशात मत दिलं नाही तर दंड, त्यामुळे त्या एका दिवशी सगळं गाव शाळेच्या फाटकातून जातं, आजारी आणि आळशी माणसंसुद्धा. कंप्यूटरवर कोण वाचतं नि कोण नाही, पण फाटक कोणाला चुकत नाही. मी ठरवलं, तिथेच उभं राहायचं.

उमेदवारांची माणसं मत कसं द्यायचं ते सांगणारी कार्डं वाटतात ना, त्याच आकाराचे चारशे कागद छापून घेतले. एका बाजूला सहा ओळी. ग्लेनिसने खोट्या सह्या केल्या नाहीत, ती सभा जकरांडा लॉजमध्ये खरोखर भरायची, मी ती डोळ्यांनी पाहिली होती आणि तरी उलटं छापलं. तळाला नियमाप्रमाणे माझं नाव आणि घरचा पत्ता. दारापासून नियमाचे सहा मीटर मोजून रंगीत कार्डवाल्यांच्या रांगेत सकाळी आठला उभा राहिलो. निलगिरीवर मॅगपाय पक्ष्याच्या घरट्यात अंडी आहेत, त्यामुळे तो येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालत होता. मला दोनदा टोचलं. हॅट आणायला विसरलो होतो.

महिला मंडळाच्या केकच्या टेबलावरून बेव्ह ओरडली, "वॉरिक, निवडणुकीला उभा राहिलास की काय? मग गावाचं काही खरं नाही!"

"नाही गं. हे वाच."

तिने चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ धरला. वाचून झाल्यावर घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवला.

"चौदा वर्षं लागली होय रे तुला?" ती म्हणाली. "जा, सॉसेज खा. चेहरा बघ कसा झालाय."

मी हलत नाही म्हटल्यावर तिनेच पावात गुंडाळून, वर कांदा घालून आणून दिला.

लोक कागद घेत होते, वाचत होते आणि मान हलवून आत जात होते. मला वाटलं होतं कोणी दचकेल, कोणी थुंकेल. तसं काहीच होईना. मग पर्सीची मुलगी जॉय आली. तिने तिथेच उभं राहून सगळं वाचलं.

"यात नवीन काय आहे?" ती म्हणाली. "दर गुरुवारी बाबांची दाढी मी करून द्यायचे. सभेला टायशिवाय बसायचे नाहीत ते. मी स्वतः बांधायचे."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला? अरे, अकरा घरांना माहीत होतं. लॉजमधल्या नर्सना माहीत होतं. लॅमिंग्टन बेव्हच करून द्यायची. निम्म्या गावाला माहीत होतं."

"मग कोणी बोललं का नाही?" माझा आवाज जरा चढलाच.

"बोलून काय, तुझ्या कुंपणावर टांगून घ्यायचं? आमच्या ग्रेगच्या गॅरेजची परवानगी तेव्हा नगरपालिकेत अडकली होती. म्हटलं, हा सख्ख्या बहिणीला सोडत नाही, आपली काय कथा. याच्या तोंडी नाव गेलं की संपलं."

"जॉय, मी तुमच्यासाठीच लिहायचो. मोठ्या लोकांना जाब विचारायला."

"हो रे, विचारलास की. मंत्री तुला घाबरले, चांगलं झालं." तिने कागद माझ्या हातात परत दिला. "पण आम्हीही तुलाच घाबरायचो."

ती आत मत द्यायला गेली. मी संध्याकाळी सहापर्यंत उभा होतो, पण त्यानंतर कागद देताना कोणाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही. मी समजत होतो की माझ्यामुळे हे गाव बोलतं झालं. गाव माझ्यामुळे गप्प बसलं होतं, ग्लेनिस, आणि त्या गप्प बसण्यात तू एकटी बुडालीस. ही गोष्ट मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी शाळेच्या फाटकात कळली.

माफी मागायला हवी, पण पत्रात मागितलेली माफी मला आता माझ्याच मथळ्यांसारखी वाटते. तुझ्या दारात येऊन मागू का? नको म्हणालीस तर येणार नाही, आणि त्यावर एक अक्षर लिहिणार नाही.

वॉरिक

पेंग्विन
२९ सप्टेंबर २०२४

वॉरिक,

तुझी पाचही पत्रं वाचली. बेव्हने तुझा कागदही पाठवला.

एक गोष्ट तू अजून चुकीची लिहितोस, ती दुरुस्त करायला हे पत्र. त्या गुरुवारी तुला कोणी पाहिलं नाही, असं नाही. मी पाहिलं होतं. आईचे कपडे घेऊन तू दारात उभा होतास. मी तुला लॅमिंग्टन खायला हाक मारणार होते, तेवढ्यात तू वळलास.

पक्षाच्या चौकशी समितीपुढे मी सांगितलं की सभा खरोखर भरत होती. ते म्हणाले, म्हाताऱ्यांना कोणीही पढवू शकतं, आणि नर्सना त्यांनी आतच घेतलं नाही. त्यातला एक हसत म्हणाला, "ज्याने आरोप केला त्यानेच डोळ्यांनी पाहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आहे असा कोणी साक्षीदार?" मी म्हणाले, "नाही." तुझं नाव घेतलं असतं तर मी वाचले असते, आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या पेपरांत तू संपला असतास. वेंडी तेव्हा नुकतीच संसार मोडून तुला सोडून गेली होती. त्या ब्लॉगशिवाय तुझ्याजवळ काही उरलं नव्हतं.

हे मी एकटीने ठरवलं नव्हतं. चौकशीच्या आदल्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्याचं नाव तू घेऊ नकोस. तो आपणहून सांगेल. माझं पोर आहे ते." तिचा तुझ्यावर विश्वास होता. माझाही होता, साधारण वर्षभर.

मी इथे आल्यावर दर रविवारी तिला फोन करायचे. हवापाणी विचारून झालं की ती आवाज खाली आणून विचारायची, "वॉरिकने सांगितलं का गं?" मी म्हणायचे, "अजून नाही, आई." ती जाईपर्यंत, दर रविवारी.

यायचं तर ये. माफ केलंय म्हणून बोलवत नाहीये, ते मला अजून जमलेलं नाही. पण तिला जे ऐकायचं होतं ते आता तू सांगितलंस, आणि ते मी कोणाला सांगू? तिला ओळखणारं इथे कोणी नाही.

ग्लेनिस